गंज आणि ठेव

मनुष्य सेवानिवृत्त होतो म्हणजे नेमका कशापासून निवृत्त होतो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. कचेरीतून, कारखान्यातून किंवा जहाजावरून तो घरी येतो, हारतुरे स्वीकारतो, निधीचे व निवृत्तिवेतनाचे हिशेब पुरे करतो, आणि मग एके सकाळी त्याच्या ध्यानात येते की, आज आपण काय करावे हे सांगणारा जगात कोणी उरलेला नाही. आमच्या परंपरेने या अवस्थेला वानप्रस्थ असे नाव देऊन तिची एक सोय लावून ठेवली होती. घराची सूत्रे मुलांच्या हाती सोपवावीत आणि आपण वस्तूंपासून हळूहळू दूर सरावे, असा त्या योजनेचा मथितार्थ. ख्रिस्ती परंपरेत आश्रमव्यवस्था नाही. तेथे मनुष्य अखेरच्या दिवसापर्यंत सेवकच असतो. त्यामुळे श्रद्धावान ख्रिस्ती वृद्धापुढे हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो: धन्याचे बोलावणे अद्याप आलेले नाही, तोवर या दोन हातांनी काय करावे?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. सासष्टीतील एका गावात एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहतात. प्रथम ते आमचे पक्षकार होते, पुढे स्नेही झाले. त्यांच्या अनुमतीने हे लिहीत आहोत. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. व्यापारी जहाजांच्या इंजिनघरात त्यांनी जवळजवळ तीस वर्षे काढली. अशा दर्यावर्दी नोकरदाराला गोव्यात ‘तारवटी’ म्हणतात. पत्नी निवर्तली आहे, मुलगा परदेशी स्थायिक आहे. पहाटेच्या घंटेला उठून ते मीस ऐकावयास चर्चमध्ये जातात, परतताना पोदेराकडून पाव घेतात, आणि मग घरालगतच्या कौलारू पडवीत शिरतात. तेथे त्यांच्या वडिलांची १९६८ सालची फियाट मोटार उभी आहे. अकरा वाजता पेज. बाराची घंटा झाली की हातातला पाना खाली ठेवून, हात पुसून, उभ्या उभ्या प्रार्थना. दुपारी विश्रांती, पुन्हा दोन तास काम, आणि दिवेलागणीला तेर्स. रविवारी मात्र अवजारांच्या पेटीचे झाकण उघडत नाही. गेली अनेक वर्षे हा क्रम अखंड चालू आहे.

ज्या पिढीने ही मोटार पाहिली नाही तिच्यासाठी दोन शब्द सांगावयास हवेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन धाटणीच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि १९६४ पासून फियाट ११०० डी हा नमुना तेथून बाहेर पडू लागला. १९७४ मध्ये त्याच गाडीचे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गिअर, आणि ज्याला हात घातला असता गावचा साधा मिस्त्रीही बिचकणार नाही अशी सरळ रचना. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या रूपाने ती घराघरांत ठाऊक झाली. त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आमच्या स्नेह्यांचे वडील खेड्यातील डॉक्टर होते. रात्रीअपरात्री रोग्याकडे जाण्यासाठी त्यांनी ही गाडी घेतली होती. वडील वारले, चिरंजीव समुद्रावर, आणि गाडी कित्येक वर्षे फणसाच्या झाडाखाली उभी राहिली.

गोव्यात उभ्या राहिलेल्या लोखंडाचे काय होते हे निराळे सांगावयास नको. चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, आणि मीठ त्या क्रियेला वेग देते. या भूमीच्या डोंगरांतून जे तांबडे खनिज जहाजे भरभरून परदेशी गेले, त्याच्याच जवळपासच्या रूपाकडे हा पत्रा पुन्हा वळू लागतो. गंज म्हणजे एका अर्थी लोखंडाची आपल्या मूळ घराकडे चाललेली वाटचालच होय. तिला रोखावयाचे तर खाल्लेला भाग निर्दयपणे कापून काढावा लागतो, जाड कागदाचा नमुना करून त्या बेताचा नवा पत्रा कापावा लागतो, मागे ठोकळा धरून हातोडीने त्याला बाक द्यावा लागतो, मग वेल्डिंग, मग घासणी, मग रंगाचा अस्तर. हातभर जागेला एकेक आठवडा जातो. इतके करूनही पुढच्या पावसाळ्यानंतर दुसऱ्या कोपऱ्यात तांबडा डाग दिसतोच.

येथेच आमच्या मनात पहिली शंका उभी राहिली. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने आपल्या शिष्यांना बजावले आहे की, जेथे कसर आणि गंज नाश करतात त्या पृथ्वीवर धन साठवू नये. ज्या गृहस्थांनी हा उपदेश बालपणापासून ऐकला, ते आठवड्याचे सहा दिवस त्याच गंजाशी झुंजतात आणि सातव्या दिवशी तो उपदेश ऐकावयास जातात. हा विरोध नव्हे काय? नाशवंत वस्तूवर इतका जीव लावणे हे श्रद्धेशी सुसंगत आहे काय? ‘हा एक निरुपद्रवी छंद आहे, म्हातारपणी वेळ जातो’ असे म्हणून ही शंका उडवून लावता येईल. परंतु ते उत्तर त्या गृहस्थांचा अपमान करणारे आहे. वेळ घालविण्यासाठी मनुष्य पत्ते खेळतो. बाराच्या घंटेला पत्ते खाली ठेवून प्रार्थना करीत नाही.

या शंकेचे उत्तर एका व्यवहाराच्या निमित्ताने आम्हांला मिळू लागले. जुन्या मोटारींचा व्यापार करणारा एक दलाल त्यांच्याकडे आला. हौशी धनिकांमध्ये अशा गाड्यांना आज चांगली किंमत येते. त्याच्या अटी दोनच होत्या. पुढच्या मडगार्डावर एक खोल पोचा आहे, तो भरून सारखा करावा; आणि गाडीचे इंजिन मूळचेच आहे असे विक्रीच्या कागदात लिहून द्यावे. वस्तुस्थिती अशी की, मूळ इंजिन निकामी झाल्यावर डॉक्टरांनी स्वतःच त्याच बनावटीचे दुसरे इंजिन बसवून घेतले होते आणि नोंदणीपुस्तकात तशी रीतसर नोंद करविली होती. ‘नोंदणीपुस्तक कोण वाचतो?’ असे दलालाचे म्हणणे. पैशाची निकड नव्हती असे नाही. घराचे छप्पर दुरुस्तीला आले होते. आमच्याकडे ते सल्ल्यासाठी आले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे ठाऊक असलेली गोष्ट फसविण्याच्या हेतूने जाणूनबुजून झाकणे हे कपटात मोडते, एवढे सांगून आमचे काम संपले असते. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. त्यांनी विचारले, ‘वकील बाब, इंजिन दुसरे, निम्मा पत्रा माझ्या हातचा, काचा कुर्ल्याच्या जुन्या बाजारातल्या. मग ही गाडी वडिलांचीच, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?’

हा प्रश्न प्राचीन आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या गलबताविषयी विचारला. मिलिंद राजाला नागसेनाने रथाच्या दृष्टान्ताने असाच पेच घातला. परंतु कायद्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे वाटते ते आल्फेनुस या रोमन कायदेपंडिताचे मत, जे जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात आले आहे. एका खटल्यात काही न्यायाधीश बदलले गेले, तेव्हा न्यायपीठ तेच राहिले की नवे झाले असा वाद होता. आल्फेनुसने उत्तर दिले की, पलटणीतील शिपाई मरतात व नवे भरती होतात, तरी पलटण तीच. गलबताची प्रत्येक फळी बदलली तरी गलबत तेच. आणि आपले शरीरही रोज झिजते व भरते, तरी आपण तेच. थोडक्यात, घडण आणि अखंडता टिकली की वस्तू टिकली. आम्ही हे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांचे समाधान झाले, परंतु अर्धेच. ‘गाडी तीच असेल,’ ते म्हणाले, ‘पण ती जशी आहे तशीच आहे असे सांगावयास हवे.’ दलालाला त्यांनी नकार दिला. छपराचे काम त्यांनी तूर्त अर्ध्यावर भागविले.

आम्हांला वाटते की, दुरुस्तीच्या नीतीचा सारा प्रश्न या एका वाक्यात आला. एखादी वस्तू तीच राहणे निराळे, आणि तिच्यावर काही गुदरलेच नाही असे भासविणे निराळे. रस्किनने १८४९ मध्ये, जुन्या वास्तूंचे पुनरुज्जीवन म्हणजे निव्वळ असत्य, असा आरोप केला तो याच भासाविरुद्ध होता. त्याचा समकालीन व्हियोले ल द्युक हा फ्रेंच वास्तुविद याच्या उलट टोकाला गेला. इमारतीला कदाचित कधीच नसलेली पूर्णता देणे हेच पुनरुज्जीवन, असे त्याने मांडले. एक म्हणतो हात लावू नका. दुसरा म्हणतो हवे तसे घडवा. आमच्या तारवटी स्नेह्यांनी या दोघांचे नावही ऐकलेले नाही. पण गाडी नवी कधी होणार, असे एकदा विचारता त्यांनी आपल्या कोंकणीत जे उत्तर दिले ते आम्ही जसेच्या तसे देतो: ‘हांव तिका नवी करिना, बरी करतां.’ रोग्याला कोणी नवा करीत नाही, बरा करतात. डॉक्टरांच्या मुलाला हा भेद उपजतच ठाऊक असावा.

बरे करणे म्हणजे काय, हे त्यांच्या कामात स्पष्ट दिसते. ब्रेक त्यांनी संपूर्ण नवे बसविले. ड्रम, नळ्या, काहीही जुने ठेवले नाही. रस्त्यावर दुसऱ्याचे मूल आहे, तेथे आठवणींचा विचार करावयाचा नाही, असे त्यांचे मत. तारा नव्या, टायर नवे. मात्र सुकाणूच्या चाकावर वडिलांच्या हातांनी झिजलेली जागा तशीच आहे. आणि तो मडगार्डावरील पोचाही तसाच आहे. एका पावसाळी रात्री अडलेल्या बाळंतिणीकडे घाईने जाताना डॉक्टरांची गाडी चिऱ्यांच्या गडग्यावर घासली होती, त्याची ती खूण. पोच्याभोवतीचा गंज त्यांनी खरवडून काढला, अस्तर दिला, रंग दिला. पण खोलगटपणा भरला नाही.

या विवेकाला ख्रिस्ती विचारात एक जुना आधार आहे, आणि तो ठाऊक झाल्यापासून आम्हांला त्या पोच्याचे महत्त्व अधिक वाटू लागले आहे. संत ऑगस्टीनने ‘देवनगरी’ या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या खंडात पुनरुत्थित देहाचा विचार केला आहे. मृतांचे देह पुन्हा उठतील तेव्हा त्यांचे व्यंग राहील काय, असा प्रश्न तेथे येतो. ऑगस्टीनचे उत्तर असे की, हुतात्म्यांचे जे अवयव छाटले गेले ते त्यांना परत मिळतील, परंतु व्रणांच्या खुणा कदाचित राहतील. कारण त्या खुणा म्हणजे कुरूपता नव्हे, ती त्यांची प्रतिष्ठा. योहानाच्या शुभवर्तमानातही पुनरुत्थित ख्रिस्त संशयी थोमाला आपले हात आणि कूस दाखवितो. मृत्यू जिंकला, पण खिळ्यांचे व्रण पुसले नाहीत. उलट ओळख पटली ती त्या व्रणांवरून. ज्याची उणीव दुसऱ्याला अपाय करील ते पुरे करावे, आणि सेवेत लागलेल्या घावाची खूण राखावी, हा जो नियम आमच्या स्नेह्यांनी ब्रेक आणि पोचा यांना लावला, तो याच श्रद्धेच्या वळणाचा आहे.

याउलट नुसत्या जुनेपणाच्या हव्यासानेही वस्तूचे अहित होते, हे विसरून चालणार नाही. गोव्यातच त्याचे ठळक उदाहरण आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये तिचे अभिषेचन झाले. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात, १९५० नंतरच्या दशकात, तिच्यावरील चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. आज पर्यटक जिच्या तांबड्या उघड्या दगडाची छायाचित्रे घेतो, ती इमारत मूळची तशी नव्हती. जांभा दगड सच्छिद्र. पावसात तो उघडा राहावा म्हणून बांधणाऱ्यांनी बसविलेला नव्हता. तो आता झिजतो आहे, आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर अलीकडे बराच वाद झाला आहे. जुन्याला नवे भासविणे ही जशी लबाडी, तशी जुन्याला आणखी जुने भासविणे हीही लबाडीच. दोन्हींत पाहणाऱ्याची हौस पुरविली जाते. वस्तूला काय हवे हे कोणी विचारीत नाही.

कायद्याने अलीकडे जुन्या मोटारींची स्वतंत्र दखल घेतली आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली तिच्यान्वये पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, खाजगी वापराच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र तिच्या सांगाड्यात, बाह्य कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शनासाठी, शर्यतीच्या मिरवणुकीसाठी, इंधन भरण्यासाठी वा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरासाठी नाही. आम्ही हा मार्ग त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो नाकारला आणि योग्यता तपासून दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा कटकटीचा मार्गच पत्करला. कारण रविवारी शेजारच्या दोन वृद्ध स्त्रियांना ते याच गाडीने चर्चमध्ये नेतात. ‘जिच्यात कोणाला बसविता येत नाही अशी गाडी वडिलांनी ओळखली नसती,’ एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो हलका नाही. इतके श्रम आणि पैसा माणसांवर का खर्चू नये? गावात रोगी आहेत, गरीब आहेत. जुने इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर सोडते, तेही खरे. आठवड्यातून चार-दोन मैलांचा धूर क्षम्य मानला तरी मूळ आक्षेप शिल्लक राहतोच. त्याला पूर्ण उत्तर आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्यातील दोन नियम एकत्र वाचले तर थोडा उजेड पडतो. एका नियमाने त्याने कोणाही मठवासीयाला कोणतीही वस्तू स्वतःची म्हणण्यास मनाई केली. आणि दुसऱ्या नियमाने कोठीप्रमुखाला सांगितले की, मठातील भांडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत. आपले काहीच नाही, म्हणून वाटेल तसे वापरा, असे त्याने म्हटले नाही. आपले काहीच नाही, म्हणूनच जपून वापरा, असे म्हटले. आणि ज्याला वस्तू जपण्याची सवय लागते तो माणसांविषयी निष्काळजी होतो, असा आमचा तरी अनुभव नाही. त्या दोन वृद्ध स्त्रियांना विचारावे.

गंजाविषयीच्या उपदेशाशी वाटणारा विरोध येथे मावळतो. येशूने निषेध केला तो साठवणुकीचा, सांभाळाचा नव्हे. साठवणारा वस्तूला आपली म्हणतो, लपवून ठेवतो, तिची किंमत वाढेल म्हणून वाट पाहतो. सांभाळणारा ती दुसऱ्याची मानतो, वापरतो, आणि परत करावयाची आहे हे विसरत नाही. त्याच मत्तयच्या पुस्तकात पुढे, धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणारा दास दोषी ठरला आहे. आपल्या ईशोपनिषदाच्या आरंभी त्यागपूर्वक भोगाची जी शिकवण आहे, तीही या विचारापासून दूर नाही.

वकिलाच्या भाषेत बोलावयाचे तर हे नाते मालकीचे नसून निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे आहे. आमच्या करार कायद्यात ठेव घेणाऱ्याची कर्तव्ये थोडक्यात सांगितली आहेत. कलम १५१ म्हणते की, सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी. कलम १६० म्हणते की, मुदत संपली वा हेतू पुरा झाला की मागणीची वाट न पाहता ती परत करावी. आणि या दोहोंच्या मध्ये कलम १५२ आहे, ज्याचा आम्हांला अलीकडे अधिकाधिक विचार करावासा वाटतो: एवढी काळजी घेऊनही वस्तू नष्ट झाली वा बिघडली, तर, निराळा करार नसेल तर, ठेव घेणारा जबाबदार नाही. वस्तू टिकेलच असे कायदा त्याच्याकडून मागत नाही. काळजी मागतो.

आमचे स्नेही आता शहात्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांना पाणी येते. मुलाला गाडी नको आहे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. ज्याला जे ठेवावयाचे नाही ते त्याच्या गळ्यात मारणे ही ठेव परत करण्याची रीत नव्हे, असे ते मानतात. गावच्या एका तरुण मिस्त्रीला ते कार्ब्युरेटर उघडून साफ करावयास आणि पत्र्याला बाक द्यावयास शिकवीत आहेत. गाडी त्याच्याकडे जाईल की नाही हे ठरलेले नाही. हातातली विद्या मात्र गेली आहे. शरीराच्या बाबतीतही ते असेच वागतात. औषधे वेळेवर घेतात, दोन मैल चालतात, आणि केस काळे करीत नाहीत.

निवृत्त मनुष्याने काय करावे, या आरंभीच्या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नसेल. मोटार सर्वांपाशी नसते, हातोडी सर्वांना झेपत नाही. पण प्रत्येकापाशी काहीतरी ठेव असते: एखादे घर, एखादे झाड, एखादी भाषा, एखादे दुखणाईत माणूस, आणि शेवटी आपला स्वतःचा देह. गंज जिंकणार आहे, हे त्या शुभवर्तमानाने लपविलेले नाही, आणि पडवीत काम करणाऱ्या त्या वृद्धालाही ते पक्के ठाऊक आहे. जिंकण्यासाठी ते हातोडी उचलीत नाहीत. आपल्या हवाली केलेले जेव्हा मागितले जाईल, तेव्हा ते ज्या स्थितीत आहे ती स्थिती न लपविता दाखविता यावी, आणि काळजी घेतली होती एवढे सरळ सांगता यावे, यासाठी उचलतात. वृद्धापकाळाचा याहून मोठा उद्योग आम्हांला तरी ठाऊक नाही.